अवकाशात जायचंय, पण अलिबागहून

अवकाशातला गेम खेळायचा म्हटलं की दोन प्रश्न ठरलेले. कॉम्प्युटर कोणता असेंबल करून घेऊ, आणि गेममध्ये पहिलं यान कोणतं घेऊ? दोन्हींची तयार उत्तरं ढिगानं मिळतात. पण ती देणारा बहुधा कोरड्या हवेच्या, लाइट न जाणाऱ्या शहरात बसलेला असतो. उरणपासून हरिहरेश्वरापर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्यानं ती जशीच्या तशी उचलली, तर पहिल्याच पावसाळ्यात पस्तावायची पाळी येते. इथे वस्तू घ्यायला किती पडते यापेक्षा ती बाळगायला किती पडते हे आधी बघावं लागतं. यानाचा हिशेबही असाच असतो, मग तुम्ही अलिबागला बसून खेळा नाहीतर आइसलँडला.

जागा बघून यंत्रांची सोय लावायची रीत अलिबागला जुनीच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेतली, पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी नाजूक उपकरणं तिथे ठेवण्यात अर्थ उरला नव्हता. तेव्हाचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली, लोखंड कटाक्षानं टाळून पोरबंदरी दगडात इमारत बांधून घेतली, आणि १९०४पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. सूर्यावरून सुटलेल्या वादळांचे पृथ्वीला बसणारे धक्के ही वेधशाळा आजही टिपते. आपला गेमिंग कॉम्प्युटर एवढा नाजूक नाही, पण या किनाऱ्यावर त्याचेही वैरी आहेत. त्यातलं पहिलं मीठ.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे डोळ्यांना न दिसणारे कण असतात. कॅबिनेटचे पंखे दिवसभर हवा ओढतात, आणि धुळीबरोबर हे कण मदरबोर्डवर, रॅमच्या स्लॉटमध्ये, ग्राफिक्स कार्डाच्या पत्र्यांमध्ये जाऊन बसतात. कोरडं असेपर्यंत मीठ फारसा त्रास देत नाही. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हा कण हवेतलंच पाणी ओढून घेऊन विरघळतो आणि त्याचा बारीकसा थेंब होतो. खारं पाणी वीज वाहून नेतं. शेजारशेजारच्या दोन पिनांमध्ये असा थेंब आला आणि त्यातून करंट वाहू लागला की तांबं हिरवं पडायला लागतं. मग कॉम्प्युटर मधेच रीस्टार्ट होतो, रॅमची एक पट्टी दिसेनाशी होते, आणि एके दिवशी नुसतेच पंखे फिरतात, स्क्रीनवर काही येत नाही. अलिबाग-मुरुडकडे जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता दिवसच्या दिवस ७५च्या खाली उतरत नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

यात चालू कॉम्प्युटर त्यातल्या त्यात सुरक्षित असतो. बाहेर २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता आहे असं धरा. तीच हवा कॅबिनेटमध्ये ३८ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ४८ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच, पण गरम हवा ते जास्त पेलू शकते, म्हणून मीठ कोरडंच राहतं. धोका असतो तो बंद पडून राहिलेल्या कॉम्प्युटरला. कोळीवाड्यात पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवतात. कॉम्प्युटरचं बरोबर उलट करायचं. पावसाळ्यात तो रोज तासभर तरी चालवायचा आणि त्यावर प्लास्टिकचं कव्हर मुळीच घालायचं नाही, कारण ओल बाहेर जायला वाटच राहत नाही. अलिबाग, किहीम, नागाव भागात मुंबईकरांचे जे शनिवार-रविवारचे बंगले आहेत, तिथे महागडा कॉम्प्युटर ठेवून जून ते सप्टेंबर कुलूप लावून जाणं ही त्याला मारायची सर्वांत खात्रीची पद्धत. तिथे लॅपटॉप न्यावा आणि परत आणावा.

एसीवाल्यांचा घोटाळा वेगळाच. वर सांगितलेल्या हवेचा दवबिंदू साधारण २५ अंशांवर येतो. म्हणजे रात्रभर २२ अंशांवर एसी लावून सकाळी तो बंद केला आणि खिडकी सताड उघडली, की बाहेरची दमट हवा गार पत्र्याला लागून त्यावर चक्क दव धरतं. कॅबिनेटच्या बाहेरून हात फिरवला तर ओल हाताला लागते; तशीच ती आतही असते. अशा वेळी अर्धा तास थांबून मगच बटण दाबावं.

कॅबिनेट घेताना दुकानदार सात पंखे आणि इंद्रधनुष्यी दिवे दाखवतो. आपण फक्त पुढून आणि खालून काढून धुता येणाऱ्या जाळ्या आहेत का ते बघावं. हवा आत ढकलणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त लावले की आतला दाब किंचित वाढतो आणि हवा फटीफटीतून न शिरता जाळीतूनच येते. पावसाळ्याआधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमाराला एकदा कॉम्प्युटर आतून साफ करावा. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासायची आपल्याकडे फार जुनी खोड आहे. त्यानं तात्पुरतं चालूही होतं, पण सोन्याचा मुलामा मुळातच अतिशय पातळ असतो, तो झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ फडक्यानं पुसलं की काम होतं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला हवेचा दाब सांभाळण्यासाठी एक बारीक छिद्र असतं, त्यातून दमट हवा आत जाऊ शकते. एसएसडीला तसली काही भानगड नाही. किनाऱ्यावर एसएसडीच घ्यायला हे एक जादा कारण.

दुसरा वैरी म्हणजे लाइट. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकलं, तेव्हा विजेचे खांबच्या खांब आडवे झाले आणि श्रीवर्धन-मुरुडकडची कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. तसल्या प्रसंगी गेमचं कुणाला सुचत नाही. रोजचा त्रास असतो तो क्षणभर जाऊन येणाऱ्या लाइटीचा. कॉम्प्युटरचा एसएमपीएस वीज गेल्यावर पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद कळ काढू शकतो. घरच्या इन्व्हर्टरला बहुधा दोन मोड असतात. यूपीएस मोडमध्ये तो दहाएक मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो, साध्या मोडमध्ये त्याहून बराच वेळ घेतो. पंख्याला आणि ट्यूबला हा फरक कळत नाही, कॉम्प्युटर मात्र बंद पडतो. नवा यूपीएस घेण्याआधी इन्व्हर्टरच्या मागचं ते छोटं बटण कुठल्या बाजूला आहे ते बघून यावं.

यूपीएस घ्यायचा तर व्हीए आणि वॉट यांत फसू नका. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात सहसा ३६० वॉटच देतो. ग्राफिक्स कार्ड निवडायचं ते इथे. आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॉटचं. जुनं आरटीएक्स ३०६० हे १७० वॉटचं, पण त्यात ४०६०च्या ८ जीबीऐवजी १२ जीबी मेमरी मिळते. रायझन ५ ५६०० सारखा ६५ वॉटचा प्रोसेसर आणि ४०६० अशी जोडी खेळताना सव्वादोनशे-अडीचशे वॉटच्या आसपास राहते. वर मॉनिटर आणि राउटर धरला तरी १००० व्हीएच्या यूपीएसवर यान तळावर उतरवण्यापुरती मिनिटं सहज मिळतात. आरटीएक्स ५०९० हे एकटं कार्ड ५७५ वॉट खातं. ते ज्यांना परवडतं त्यांना जनरेटरही परवडत असेल. बाकीच्यांनी कार्डाचे वॉट आधी वाचावेत आणि फ्रेम्सचे आकडे नंतर.

हे गेम मुळात मशीनकडून मागतात काय? १९८४मध्ये डेव्हिड ब्रेबन आणि इयान बेल या दोन विद्यार्थ्यांनी ३२ केबी मेमरीच्या बीबीसी मायक्रोवर ‘एलिट’ लिहिला, तेव्हा त्यात आठ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ ग्रहमाला होत्या. एवढं साठवायला जागाच नव्हती. म्हणून त्यांनी काही बीजसंख्या आणि एक सूत्र ठेवलं. गरज पडेल तेव्हा ग्रहाचं नाव, राज्यपद्धती, बाजारभाव सगळं त्यातून गणित करून बाहेर काढायचं. आजचा ‘एलिट डेंजरस’ ४० हजार कोटी ताऱ्यांची आकाशगंगा दाखवतो आणि ‘नो मॅन्स स्काय’ २चा ६४वा घात इतके ग्रह, ते याच जातीच्या युक्तीवर. म्हणजे अवकाश केवढं अफाट आहे यानं मशीनवर ताण येत नाही. तुमच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी काय आहे त्यानं येतो.

ताण देणारी दुसरी गोष्ट अंतरांची. साधारण गेम वस्तूची जागा ३२ बिटांच्या दशांश संख्येत ठेवतो, आणि अशा संख्येत २४ बिटांपुरतीच अचूकता असते. मीटरमध्ये मोजायला लागलात तर १६,७७७ किलोमीटरपलीकडे शेजारचे दोन आकडे दोन-दोन मीटरच्या अंतरावर पडतात. यानाचा दरवाजा दोन मीटर उड्या मारत उघडला तर कसं चालेल? ‘स्टार सिटिझन’च्या मंडळींना म्हणूनच आपलं इंजिन ६४ बिटांच्या जागामापनावर न्यावं लागलं. शेकडो यानं, त्यांतली माणसं, त्यांच्या हातातली खोकी या सगळ्यांचा हिशेब एकदम ठेवणं हे प्रोसेसरचं काम, ग्राफिक्स कार्डाचं नव्हे. रायझन ७ ५८००एक्स३डी सारखे ९६ एमबी कॅशवाले प्रोसेसर अशा गेममध्ये चमकतात ते यामुळे. माझं मत विचाराल तर पैसे कमी असतील तेव्हा कार्डात एक पायरी खाली या, पण रॅम आणि एसएसडीत कंजुषी करू नका.

गेमगणिक मागणी मात्र फार वेगळी. ‘ईव्ह ऑनलाइन’ साध्या लॅपटॉपवरही चालतो. ‘नो मॅन्स स्काय’ आणि ‘एलिट’ मध्यम मशीनवर समाधानानं चालतात. जीटीएक्स १०६०सारखं जुनं कार्ड कुणी स्वस्तात देत असेल तर त्यावरही सुरुवात होते. ‘स्टार सिटिझन’ मात्र २०१२पासून लोकवर्गणीवर बनतो आहे, अजून अल्फा अवस्थेत आहे, आणि किमान १६ जीबी रॅम व एसएसडी मागतो. सुखानं खेळायचं तर ३२ जीबी धरा. त्याच्यासाठी नवं मशीन बांधण्याआधी त्यांच्या फुकट खेळू देण्याच्या दिवसांत कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर तो एकदा चालवून बघावा.

आता इंटरनेट. ‘स्टार सिटिझन’ डाउनलोड करायचा म्हणजे १०० जीबीच्या पुढचा मामला. दिवसाला २ जीबीच्या मोबाइल पॅकवर त्याला पन्नास दिवस लागतील, आणि तोवर नवा पॅच आलेला असेल. फायबर पोचला नसेल अशा गावात ‘नो मॅन्स स्काय’ बरा, कारण तो एकट्यानं पूर्ण ऑफलाइन खेळता येतो. ‘एलिट’ला एकट्यानं खेळतानाही कनेक्शन लागतंच, पण डेटा थोडा लागतो. ‘ईव्ह’चा सर्व्हर लंडनमध्ये. अलिबागहून तिथे जाऊन यायला शंभर-सव्वाशे मिलिसेकंद लागले तरी बिघडत नाही, कारण तो सर्व्हर मुळात सेकंदाला एकदाच सगळ्यांच्या हालचालींचा हिशेब करतो. अशा गेममध्ये मुंबईकराला आपल्यावर काडीचाही फायदा नाही.

सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणणार असाल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणारी रो-रो सोयीची, पावसाळ्यातही. वडखळमार्गे गाडीनं येणार असाल तर एक करा. दुकानात असेंबल झाल्यावर ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात घाला आणि घरी आल्यावर बसवा. किलोभर वजनाचं कार्ड एका स्लॉटवर लोंबकळत असतं, आणि त्या रस्त्याचे खड्डे कुठल्याही मदरबोर्डाच्या चाचणीत धरलेले नसतात.

मशीन झालं, आता यान. नवा माणूस इथे हटकून मोठं, सर्व काही करणारं यान बघतो. या किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात गुराब आणि गलबत अशी दोन मुख्य जहाजं होती. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानं त्यांचं वर्णन केलं आहे: तीन डोलकाठ्यांची गुराब ३०० टनांपर्यंतची, तोफा वाहणारी, गलबत फार तर ७० टनांचं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की अजस्र इंग्रजी जहाजं जागच्या जागी डुलत बसत आणि गलबतं वल्ही मारत त्यांना गाठत, शिवाय आपल्या गुराबांनाही दोरानं ओढून नेत. उथळ खाडीत शिरता येई, आणि एखादं बुडालं तर सगळं आरमार अडत नसे. पहिल्या यानाकडून हेच हवं: थोडक्या खर्चात चालणारं, कुठेही उतरणारं, आणि गेलं तर झोप न उडवणारं.

‘एलिट डेंजरस’मध्ये साइडवाइंडर फुकट मिळतं. बाजारात त्याची किंमत ३२,००० क्रेडिट्स, माल सुरुवातीला चार टन, शस्त्रांना दोन लहान जागा. सगळे त्याला हसतात. पण ते नष्ट झालं तर मूळ रूपात पुन्हा फुकट मिळतं, आणि क्रेडिट्स देऊन घेतलेल्या बाकी यानांचं तसं नाही. तिथे विमा असतो: यान आणि त्यावर बसवलेलं सामान यांच्या किमतीच्या साधारण ५ टक्के भरले की यान परत. मोठ्या यानाचे भरता आले नाहीत तर ते गेलं, आणि तुम्ही पुन्हा साइडवाइंडरमध्ये. अ‍ॅनाकोंडाची किंमत १४ कोटी ६९ लाख. नुसत्या सांगाड्याचा विमाच ७३ लाखांवर जातो. हौसेनं खिसा रिकामा करून अ‍ॅनाकोंडा घेतलेले आणि चाच्यांच्या पहिल्याच हल्ल्यात ती घालवून बसलेले खेळाडू या गेममध्ये पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत.

साइडवाइंडरनंतर माल वाहायचा असेल तर हॉलर, ५२,७२० क्रेडिट्सला. थोडं लढणं, थोडा व्यापार, थोडं भटकणं असं सगळं करून बघायचं असेल तर कोब्रा मार्क ३, किंमत ३,४९,७१८. ८४च्या ‘एलिट’मध्ये हेच कोब्रा पहिलं यान होतं, आणि आजही ते लहान तळावर उतरतं, वेगात सहजी कुणाला सापडत नाही. पण किमतीएवढे पैसे जमले म्हणून लगेच घेऊ नये. त्याचा विमा सुमारे साडेसतरा हजार. तो तीनदा भरता येईल एवढी शिल्लक हवी, वर चांगली सामग्री बसवली की विमाही वाढतो. चार लाख दोन हजारांच्या खाली मी तरी कोब्राला हात लावणार नाही.

इथे लाइटीचा प्रश्न पुन्हा येतो. ‘ईव्ह’मध्ये दुसऱ्या खेळाडूशी लढताना तुमचं कनेक्शन तुटलं, तर यान पंधरा मिनिटं अवकाशातच उभं राहतं. हारण्याच्या भीतीनं कुणी वायर ओढू नये म्हणून केलेला हा नियम; श्रीवर्धनला खरोखरच लाइट गेली आहे हे सर्व्हरला कळायला मार्ग नाही. म्हणून ज्याच्याकडे यूपीएस नाही त्यानं ‘ईव्ह’मध्ये व्हेंचर घ्यावं. खनिज काढायचं हे छोटंसं यान सुरुवातीच्या कामगिऱ्यांत फुकट मिळतं, त्यात ५,००० घनमीटर खनिज मावतं, आणि शत्रूनं धरून ठेवायचा प्रयत्न केला तर निसटायची ताकद त्याला जन्मजात दिलेली आहे. गेलं तर गेलं.

बाळगायच्या खर्चातून मोठ्यांचीही सुटका नाही. जानेवारी २०१४मध्ये ‘ईव्ह’च्या बी-आर५आरबी या ग्रहमालेत त्या गेमच्या तोवरच्या इतिहासातली सर्वांत खर्चिक लढाई झाली. सुरुवात कशानं? तो मुलूख ताब्यात ठेवण्याचं ठरावीक बिल एका बलाढ्य संघटनेकडून भरायचं राहिलं, ताबा सुटला, आणि शत्रू धावून आला. एकवीस तास रणधुमाळी चालली, सर्व्हरवरचा काळ मुद्दाम दसपट मंद करावा लागला, आणि ७५ टायटन, म्हणजे त्या गेममधली सर्वांत अवाढव्य यानं, खाक झाली. नुकसानीचा अंदाज ३ लाख डॉलरांच्या घरात सांगितला गेला.

‘स्टार सिटिझन’मध्ये यानं खऱ्या पैशानं विकली जातात, साधारण ४५ डॉलरांच्या प्राथमिक पॅकेजपासून हजारोंपर्यंत. त्यातली बरीचशी गेममधल्या कमाईतूनही घेता येतात. त्यामुळे सर्वांत स्वस्त पॅकेज घ्यावं, यानांत ऑरोरा घ्यावी. तिच्यात बिछाना आहे. त्यात झोपून गेम बंद केला की पुढच्या वेळी यानातच जाग येते, तळावर परतायची घाई नाही. पुढे अ‍ॅव्हेंजर टायटन हे यान गेममधल्या कमाईतून मिळवावं.

राहिली जॉयस्टिक. ती सगळ्यात शेवटी घ्या, एखादा महिना माऊसवर काढून. आणि घेताना विचारा की आत हॉल सेन्सर आहे की पोटेन्शिओमीटर. पोटेन्शिओमीटरमध्ये एक टोक कार्बनच्या पट्टीवर घासत फिरतं. त्यात ओल आणि मीठ गेलं की कांडी सरळ धरली तरी यान डावीकडे वळत राहतं. हॉल सेन्सर चुंबकानं चालतो, घासत काहीच नाही. थ्रस्टमास्टरच्या टी.१६०००एमच्या कांडीत तो आहे. ‘नो मॅन्स स्काय’वरच थांबणार असाल तर हाही खर्च वाचला.